सॉक्रेटिसाविषयींच्या साक्षी व त्यांची उलटतपासणी

सॉक्रेटिसाचें नांव महाराष्ट्रास नवें नाहीं. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनीं १८५२ सालीं त्याचें चरित्र मराठींत आणिलें, आणि तेव्हांपासून आपल्याकडील लेखांत व व्याख्यानांत हा अथेन्सचा पुरुष वारंवार भेटत आला आहे. परंतु तो भेटतो तो बहुधा एकाच वेषांत: हातांत विषाचा पेला, मुखांत दोन सुभाषितें, आणि भोंवतीं रडणारे शिष्य. हीं सुभाषितें कोणी ऐकिलीं, कोणी लिहिलीं, लिहिणारा त्या जागीं हजर होता कीं नव्हता, आणि जी संहिता आज आपण उघडतों ती कोणत्या पोथीवरून उतरली, हे प्रश्न विचारण्याची चाल पडलेली नाहीं. शिवकालीन एखादा कागद हातीं आला तर शिक्क्यापासून अक्षराच्या वळणापर्यंत वीस शंका काढणारे आमचे स्नेही ग्रीसच्या बाबतींत मात्र कीर्तनांतल्या श्रोत्यांसारख्या माना डोलावितात. जो पुरुष ऐकीव मत तपासल्यावांचून घेऊं नये असें सांगण्यांत आयुष्य वेंचता झाला, त्याच्याविषयींचींच मतें आपण ऐकीव घेतों, हें विपरीत आहे. म्हणून हे कागद एकदां इतर कागदांप्रमाणेंच टेबलावर मांडून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सॉक्रेटिसानें आपल्या विचारांचा एकहि ग्रंथ मागें ठेविला नाहीं. इ. स. पू. ३९९ मध्यें, सत्तरी गांठलेल्या या माणसावर अथेन्सच्या न्यायसभेंत मेलेटस, अॅनिटस व लायकॉन या तिघांनीं फिर्याद केली, ती शाबीत धरली गेली, आणि त्याला विष प्यावें लागलें. एवढें निर्विवाद आहे. यापलीकडे जें आहे तें साक्षीदारांच्या तोंडचें. त्यांतील पहिला आरिस्टोफेनीस हा विनोदी नाटककार. त्याचें 'मेघ' हें नाटक इ. स. पू. ४२३ मध्यें, म्हणजे सॉक्रेटिसाच्या हयातींत, रंगभूमीवर आलें. काळानें सर्वांत जवळचा साक्षीदार हाच, आणि नेमका हाच टवाळखोर. शिवाय आज उपलब्ध असलेली संहिता मूळ प्रयोगाची नसून कर्त्यानें मागाहून फेरफार केलेली आहे. दुसरा प्लेटो. खटल्याच्या दिवशीं आपण हजर होतों असें त्याचा 'अपॉलॉजी' हा ग्रंथ सांगतो; परंतु गुरूच्या मरणसमयीं प्लेटो बहुधा आजारी असल्यामुळें तेथें नव्हता, हेंहि त्यानेंच 'फीडो' नामक संवादांत एका पात्राकडून वदविलें आहे. ज्या प्रसंगाचें वर्णन वाचून वाचक डोळे टिपतो तो प्रसंग लिहिणाऱ्यानें पाहिलेला नाहीं. तिसरा झेनोफन, तो इ. स. पू. ४०१ मध्येंच धाकट्या सायरसच्या सैन्याबरोबर आशियांत होता, आणि खटल्याची हकीकत हर्मोजेनीस नांवाच्या गृहस्थाच्या सांगण्यावरून देतो. चौथा आरिस्टॉटल, तर त्याचा जन्मच इ. स. पू. ३८४ चा.

आतां मूळ फिर्यादच घ्या. तिचे तीन पाठ आपणांस मिळतात. प्लेटोच्या ग्रंथांत सॉक्रेटिस तिचा सारांश सांगतो, त्यांत तरुणांस बिघडविण्याचा आरोप आधीं आणि नगराचे देव न मानतां नवीं दैवतें मानण्याचा मागून. झेनोफन हे आरोप उलट क्रमानें देतो, आणि आपण साधारण आशय देत आहों हें दोघेहि प्रामाणिकपणें कबूल करतात. तिसरा पाठ डायोजेनीस लेअर्शियस याच्या तत्त्वज्ञचरित्रांत आहे. हा ग्रंथकार खटल्यानंतर सहा शतकांनीं होऊन गेलेला, तेव्हां प्रथमदर्शनीं त्याची किंमत थोडी. परंतु तो फेव्होरायनस या इ. स. च्या दुसऱ्या शतकांतील विद्वानाचा हवाला देऊन सांगतो कीं, शपथेवर केलेली ती फिर्याद अथेन्सच्या मेट्रोऑनमध्यें, म्हणजे देवमातेच्या मंदिरांत असलेल्या सरकारी दफ्तरांत, त्याच्या काळींहि जपून ठेवलेली होती. या पाठांत फिर्यादीचें व आरोपीचें नांव, त्यांच्या बापांचीं नांवें, त्यांचे वाडे आणि शेवटीं मागितलेली शिक्षा, असा सर्व दफ्तरी साज आहे; आणि आरोपांचा क्रम झेनोफनच्या बाजूचा आहे. आमच्या मतें येथें सहा शतकें मागाहूनचा लेखक जवळच्या साक्षीदारापेक्षां अधिक ग्राह्य ठरतो; कारण त्याच्यामागें कागद आहे व प्लेटोच्या मागें कला आहे. प्लेटोनें क्रम कां फिरविला हेंहि दिसतें: तरुणांचा आरोप आधीं घेतला म्हणजे मेलेटसची उलटतपासणी अधिक रंगते.

मतांच्या संख्येचा घोळ याहून मौजेचा आहे. तीस मतें इकडचीं तिकडे झालीं असतीं तर आपण सुटलों असतों, असा आशय सॉक्रेटिसाच्या तोंडीं आहे. हा पाठ उत्तम पोथ्यांचा. कांहीं पोथ्यांत मात्र तिसांच्या जागीं तीन आहेत, आणि जुन्या छापील आवृत्त्यांनीं तेच उचलले. डायोजेनीस तर म्हणतो कीं, दोषी ठरविणारीं मतें सोडणाऱ्या मतांहून २८१ नीं अधिक होतीं. हें प्लेटोशीं मुळींच जुळत नाहीं. पण २८१ हा अंक अंतराचा नसून दोषी ठरविणाऱ्या मतांचा एकूण अंक मानिला, तर ५०१ च्या सभेंत विरुद्ध २२० उरतात, आणि तीस ही भरघोंस संख्या बरोबर बसते. डायोजेनीसनें किंवा त्याच्या आधाराच्या ग्रंथकारानें दफ्तरी अंक खरा उतरला व त्याचा अर्थ चुकीचा लाविला, असें म्हणावें लागतें. आपल्या शकावल्यांत असे प्रकार थोडे नाहींत.

याच फेव्होरायनसची दुसरी एक कामगिरी आम्हांस विशेष वाटते. पॉलिक्रेटीस नांवाच्या वक्त्याचें सॉक्रेटिसाविरुद्ध एक भाषण प्राचीन काळीं प्रसिद्ध होतें, आणि तें प्रत्यक्ष खटल्यांत झालेलें भाषण असें कित्येक मानीत. फेव्होरायनसनें दाखवून दिलें कीं, त्या भाषणांत कॉनॉननें तट पुन्हां बांधविल्याचा उल्लेख आहे, आणि तें काम सॉक्रेटिसाच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनीं झालें; सबब हें भाषण खटल्यांतील नव्हे. एका वाक्यांत निकाल. ज्याला आपण अंतर्गत पुराव्याची परीक्षा म्हणतों व जी आपण युरोपांतील अलीकडच्या पंडितांपासून शिकलों असें समजतों, ती येथें अठराशें वर्षांपूर्वीं पुरी हस्तगत झालेली दिसते.

येथें आमची एक जुनी चूक सांगणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एक मोडी पत्र आमच्या संग्रहीं आलें. मिति शके १६९५ ची. मजकूर असा कीं, एका वादग्रस्त प्रसंगाविषयीं आम्ही जें पुष्कळ दिवस प्रतिपादन करीत होतों त्यास हुबेहूब पुष्टि मिळावी. आम्हीं तें अस्सल म्हणून चार मित्रांस दाखविलें, त्यावर एक टिपणहि लिहून काढिलें. सुदैवानें तें छापण्यापूर्वीं एका तरुण अभ्यासकानें पत्र खिडकीशीं धरलें, तों कागदाच्या पोटांत विलायती कारखान्याची छाप आणि तीत १८१४ हें साल! नक्कल असेल, बनावट असेल, तो प्रश्न निराळा. पण कागद उजेडाशीं धरण्याची आमची रोजची संवय असतां याच एका पत्राच्या वेळीं आमचा हात वर गेला नाहीं, याचें कारण आम्हांस पक्कें ठाऊक आहे. पत्र आमच्या बाजूनें बोलत होतें.

आतां डेल्फी येथील देववाणीची कथा पाहूं. सॉक्रेटिसाचा मित्र कीरेफॉन अपोलोच्या स्थानीं गेला आणि त्यानें सॉक्रेटिसाविषयीं प्रश्न केला, हें प्लेटो व झेनोफन दोघेहि सांगतात. झेनोफनच्या लेखांत देव म्हणतो कीं, सॉक्रेटिसाहून अधिक स्वतंत्र, न्यायी व संयमी मनुष्य नाहीं. सॉक्रेटिस तें प्रशस्तिपत्र न्यायसभेपुढें ठेवितो आणि आपण त्यास कसे पात्र आहों याचीं कारणें देतो. प्लेटोच्या लेखांत देव एवढेंच म्हणतो कीं, त्याहून शहाणा कोणी नाहीं. आणि सॉक्रेटिस गोंधळांत पडतो. आपण शहाणे नाहीं हें त्याला ठाऊक; देव खोटें बोलणार नाहीं हेंहि त्याला मान्य. तेव्हां आपल्याहून शहाणा मनुष्य शोधून काढून देववाणीस प्रत्युदाहरण दाखवावें म्हणून तो निघतो. प्रथम मुत्सद्दी, मग कवि, मग कारागीर. कारागिरांस आपापलें काम खरोखरच येतें, हें तो मोकळ्या मनानें कबूल करतो. पण एक काम येतें म्हणून मोठमोठ्या गोष्टींतहि आपण जाणते आहों असें त्यांस वाटतें, तेथें ते घसरतात.

दोहोंपैकीं खरें कोणतें? प्लेटोची कथा अधिक सुंदर आहे, आणि तिला साक्ष म्हणून कीरेफॉन मृत असल्यामुळें त्याच्या हजर असलेल्या भावाचें नांव घेतलें आहे. तरी सौंदर्य हा पुरावा नव्हे, आणि वरील पत्राचा अनुभव घेतल्यावर आम्ही आमच्या आवडीवर फारसा भरंवसा टाकूं इच्छीत नाहीं. देववाणीचे शब्द कोणते होते हें ठरविण्याचें साधन नाहीं असेंच आम्ही म्हणूं. परंतु प्लेटोच्या कथेंत नीतिशास्त्राची जी गोष्ट सांपडते ती शब्दांवर अवलंबून नाहीं. स्वतःविरुद्ध आलेल्या आरोपाची चौकशी सर्वच करतात. येथें एक मनुष्य स्वतःच्या स्तुतीची चौकशी करावयास निघतो, व तीहि देवाच्या तोंडच्या. बुद्धीचा हा व्यायाम नव्हे, शीलाचा आहे. ग्रीक नीतिविचार येथून वेगळी वाट धरतो असें आम्हांस वाटतें. कारण चांगलें कसें वागावें हें विचारण्यापूर्वीं, चांगलें म्हणजे काय हें आपणांस कळतें असें आपण कशावरून धरून चाललों, हा प्रश्न येथें पुढें येतो.

आणि या प्रश्न करण्याच्या संवयीबद्दल मात्र साक्षीदारांत मतभेद नाहीं. आरिस्टोफेनीसचा सॉक्रेटिस टोपलींत बसून आकाशाच्या गप्पा मारतो खरा, पण बिचाऱ्या स्ट्रेप्सिआडीसला तो प्रश्नांनींच हैराण करतो. झेनोफनचा सॉक्रेटिस शेती, घोडे, सेनापतीचें काम यांविषयीं भरपूर उपदेश करणारा. पण तोहि वारंवार प्रश्नानें आरंभ करतो. आरिस्टॉटल सांगतो कीं, सॉक्रेटिस प्रश्न विचारी पण उत्तर देत नसे, कारण आपणांस ठाऊक नाहीं असें तो कबूल करी. वैरी, शिपाईगडी, कवि-शिष्य आणि परदेशांतून आलेला शास्त्रज्ञ, हे इतर गोष्टींत एकमेकांशीं पटवून घेत नाहींत. जेथें ते पटतात तेथें आपण पाय रोंवावा. सुभाषितें डळमळतात, प्रश्न टिकतो.

तो प्रश्न चालतो कसा हें पाहावयाचें तर आम्ही 'लाखीस' हा लहानसा संवाद सुचवूं. दोन बाप आपल्या मुलांस शस्त्रविद्या शिकवावी कीं नाहीं असें दोन सेनापतींस, निसियस व लाखीस यांस, विचारतात. दोघांचीं मतें उलट पडतात. आणि सॉक्रेटिस म्हणतो कीं, ज्यासाठीं शिकवावयाचें तें शौर्य म्हणजे काय तें आधीं ठरूं द्या. लाखीस हा सरळ शिपाई. रांग न सोडतां शत्रूशीं झुंजणें हें शौर्य, असें तो क्षणाचा विलंब न लावितां सांगतो. गनिमी काव्याच्या कथा ऐकून वाढलेल्या आपणांस हें ऐकतांच हंसूं येतें, आणि सॉक्रेटिसहि तेंच काढतो: सीथियन घोडेस्वार पळतांना लढतात, प्लाटीआच्या रणांत स्पार्टाचे लोकहि मागें हटले, मग उलटले. खरी गंमत ही कीं, याच संवादाच्या आरंभीं लाखीसनें सॉक्रेटिसाची वाखाणणी केली आहे ती डेलिअमच्या पराभवानंतर माघार घेतांना दाखविलेल्या धैर्याबद्दल! स्वतः डोळ्यांनीं पाहिलेलें तो व्याख्या करतांना विसरला. प्लेटो हें बोलून दाखवीत नाहीं. वाचकानें पकडावें म्हणून ठेवून देतो.

पुढें निसियस म्हणतो कीं, भिण्याजोगें काय व न भिण्याजोगें काय याचें ज्ञान तें शौर्य. हें मत खुद्द सॉक्रेटिसाच्या घराकडचें, आणि तरीहि तो त्याला सोडीत नाहीं. किंबहुना तें अधिक कडक तपासतो. याच ओघांत तो सहज म्हणतो कीं, कायदा सेनापतीला ज्योतिष्यावर ठेवितो, ज्योतिष्याला सेनापतीवर नाहीं. ज्या वाचकांसाठीं हें लिहिलें गेलें त्यांस तो घाव कोठें बसतो हें सांगावें लागत नसे. इ. स. पू. ४१३ च्या ऑगस्टांत सिराक्यूजहून अथेन्सचें सैन्य निघण्याच्या बेतांत असतां चंद्रग्रहण लागलें. भविष्यवाद्यांनीं तीन वेळां नऊ दिवस थांबावयास सांगितलें, आणि निसियस थांबला. सैन्य बुडालें, त्याचाहि वध झाला. भिण्याजोगें काय याच्या ज्ञानाला शौर्य म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडीं ती व्याख्या घालून प्लेटोनें काय साधिलें तें थ्युसिडिडीस शेजारीं ठेवून वाचल्यावांचून कळत नाहीं. नीतिग्रंथ इतिहासावांचून वाचूं नयेत असें आम्ही म्हणतों तें यासाठीं.

एवढी प्रशंसा केल्यावर दोन आक्षेप न मांडणें योग्य होणार नाहीं. पहिला मोठा आहे. इ. स. पू. ४०४-४०३ मध्यें अथेन्सवर ज्या तीस जणांनीं रक्तपाताचें राज्य केलें त्यांचा पुढारी क्रिटियस हा सॉक्रेटिसाच्या बैठकींतला. आणि त्याच राजवटींत अधिकार भोगलेला कार्मिडीसहि. संयम म्हणजे काय या विषयावरील प्लेटोचा संवाद याच दोघांशीं झालेला दाखविला आहे. दोघेहि प्लेटोच्या मातेच्या कुळांतले, हें साक्षीदाराची किंमत ठरवितांना ध्यानांत ठेवावें. इ. स. पू. ४०३ च्या माफीमुळें राजकीय आरोप उघड करतां येत नव्हता. पण पन्नासांहून अधिक वर्षांनीं, इ. स. पू. ३४५ मध्यें, ईस्किनीस वक्ता न्यायसभेस सहज आठवण देतो कीं, तुम्हीं सॉक्रेटिसाला मारिलें तें क्रिटियसला शिकविल्याबद्दल. झेनोफन उत्तर देतो कीं, त्या मंडळींस वादाची कला हवी होती, शील नको होतें. ती मिळतांच तीं निघून गेलीं. उत्तर खरें असेल, पण पुरें नाहीं. दुसऱ्याचें मत फोडण्याची विद्या स्वतःचें मत फोडण्याच्या विद्येहून किती लौकर येते, हें यावरून दिसतें, आणि गुरूपाशीं ही दुसरी विद्या शिष्यांत उतरविण्याचा उपाय होता असें आम्हांस कोठें आढळत नाहीं. 'रिपब्लिक' लिहितेवेळीं प्लेटोलाहि हें उमजलें होतें. तेथें तो कोवळ्या वयाच्या मुलांपासून वाद दूर ठेवावयास सांगतो.

दुसरा आक्षेप व्याख्येचा. ज्याला शौर्याची व्याख्या येत नाहीं त्याला शौर्य कळत नाहीं, असा सॉक्रेटिसाचा रोख पुष्कळदां दिसतो. हें आम्हांस पटत नाहीं. आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ मोडी कागदाचें वळण पाहून लेखनिक पेशवे दफ्तरचा कीं बाहेरचा हें बहुधा अचूक सांगत. कशावरून म्हणून विचारलें तर गप्प बसत. त्यांस ज्ञान नव्हतें असें कोण म्हणेल? कारागिरांच्या बाबतींत सॉक्रेटिसानें जें मान्य केलें तें सेनापतींच्या बाबतींतहि मान्य करावयास हरकत नव्हती. तथापि त्या गृहस्थांचा निर्णय एकदां चुकला, तेव्हां चूक कोठें झाली हें शोधावयास त्यांच्यापाशींहि साधन नव्हतें, हेंहि आम्हांस सांगितलें पाहिजे. 'रिपब्लिक'च्या पुढच्या भागांत तर उत्तर देणारे नुसती मान हलवूं लागतात, आणि सॉक्रेटिस एकटाच बोलत राहतो. तो मोठा ग्रंथ आहे. पण 'लाखीस'मधली झुंज तेथें उरलेली नाहीं.

राहतां राहिली पोथ्यांची गोष्ट. 'अपॉलॉजी' व 'लाखीस' ज्यांवर छापले जातात त्या पोथ्यांत ऑक्सफर्डची चर्मपत्रावरील पोथी अग्रगण्य. तिच्या पुष्पिकेवरून ती इ. स. ८९५ त योहान नांवाच्या सुलेखकानें पाट्रीच्या आरेथास या धर्माधिकाऱ्यासाठीं लिहिली. लेखनाबद्दल १३ व चर्मपत्राबद्दल ८ सुवर्णनाणीं पडलीं. १८०१ सालीं क्लार्क नांवाच्या इंग्रज प्रवाशास ती पाट्मस बेटावरील मठांत मिळाली आणि १८०९ त ऑक्सफर्डच्या ग्रंथालयानें घेतली. प्लेटोच्या मृत्यूपासून या पोथीपर्यंत बारा शतकांहून अधिक अंतर. तें अंतर अकस्मात् कमी झालें तें १८९० च्या सुमारास, पेट्री यांस मिसर देशांत गुरोब येथें सांपडलेल्या शवपेटिकांमुळें. त्या पेटिका रद्दी पपायरसाचे थर चिकटवून केलेल्या होत्या. थर सोडवितां सोडवितां 'फीडो' व 'लाखीस' यांचे तुकडे निघाले, इ. स. पू. तिसऱ्या शतकांतले. जुन्या बखरींचीं पानें पुड्यांस गेलेलीं ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस नवल वाटणार नाहीं. या तुकड्यांतला पाठ पुष्कळ ठिकाणीं पुढच्या पोथ्यांहून निराळा आहे, आणि अधिक जुना म्हणून अधिक चांगला असें त्यावरून म्हणतां येत नाहीं. दोहोंकडून पंडितांनीं पुष्कळ लिहिलें आहे. 'लाखीस'चा जो भाग तेथें वांचला, तो रांग न सोडण्याची व्याख्या लाखीस सांगतो आणि सॉक्रेटिस त्याला सीथियन घोडेस्वारांविषयीं विचारतो, तो आहे.